पाखरीला घेऊन काशीला

काशीला माणसे म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जातात. कुणी अस्थी घेऊन जातात. मी गेलो तो एका कुत्रीला घेऊन. ही बातमी आमच्या गावात पसरली तेव्हा हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून घेतले आणि दार लोटून विचारले, "जोशी, प्रकृती बरी आहे ना?"

प्रकृती उत्तम होती. त्या प्रवासाला आता बरीच वर्षे झाली, पण शाळेतले सोबती अजून विचारतात, आणि दर वेळी मी थोडे सांगतो, थोडे गाळतो. गाळलेले धरून सगळे एकदा लिहून काढावे म्हणून बसलो आहे.

काशी मला नवी नव्हती. माझे वडील गावच्या देवळात पूजा करीत. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंतही कुणी पोचले नव्हते. मी पोचलो, आणि पुढे काय हा प्रश्न पडला तेव्हा काशीहून एका गुरुजींचे पत्र आले, "मुलाला पाठवा. कॉलेज होईल आणि दोन वेळचे जेवणही होईल." गुरुजी आमच्या बाजूच्या यात्रेकरूंचे तीर्थोपाध्याय. घर मंगला गौरीजवळ, पंचगंगा घाटाच्या वर. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांची एक कोठडीच त्यांच्याकडे होती. तिकडे या वहीला बही म्हणतात. यात्रेकरू आला की तो आपल्या घराण्याच्या पानावर स्वतःचे नाव लिहितो, मग बापाचे, आजाचे, पणजाचे. जुन्या बह्यांना कसर लागे. त्यांची नक्कल करणे हे माझे काम. चार वर्षे मी सकाळी कॉलेजात जाई आणि दुपारी नावे उतरी. अमुक बिन तमुक, तमुक बिन अमुक. मी बी.ए. झालो तो त्या घरच्या अन्नावर, हे मला रोज आठवते.

आता कुत्रीचे. गावी शिक्षक झाल्यावर बिराप्पा नावाच्या धनगराला मी एक इंग्रजी अर्ज लिहून दिला. अर्जाचे काम झाले आणि महिन्याभराने बिराप्पा उपरण्यात गुंडाळलेले पिल्लू घेऊन दारात उभा राहिला. आमच्या मुलखातले कारवानी कुत्रे आपण पाहिले असेल: लांब तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर, आणि सशामागे सुटले की पाय जमिनीला लागतात की नाही असा संशय यावा. पुजाऱ्याच्या घरात शिकारी कुत्रे! वडील तेव्हा नव्हते. आई म्हणाली, "आलंय तर राहू दे. पण देवाच्या खोलीकडे फिरकायचं नाही." तीच पाखरी.

तिच्यापायी मला छंद लागला. कुणी साहेबाच्या कुत्र्याशी, कुणी गल्लीतल्या कुत्र्याशी कारवान्यांचा संकर करीत होते आणि अस्सल बीज दिसेनासे होत चालले होते. ते राखावे असे मला वाटू लागले. मी एक वही घातली. जशी सवय तशीच लिहिली: पाखरी, बाप मल्हारी, आजा भुंग्या, पणजा खंड्या. तिसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या राजा नावाच्या कुत्र्याशी पाखरीचा मेळ घालायचे ठरवले. तेव्हा बिराप्पाची बायको गंगव्वा मेंढरे हाकता हाकता थांबून म्हणाली होती, "मास्तर, घरच्या घरात नगं." मी हसलो. "अगं, दोघांचे बाप निराळे, आजे निराळे. वहीत लिहून ठेवलंय मी." ती अंगठेबहाद्दर बाई, वहीपुढे काय बोलणार? काठी उचलून चालू लागली.

पाच पिल्ले झाली. तिघांचे डोळे उघडले. दोघांचे उघडले, पण त्यांत काही नव्हते, दुधाळ काचा. त्या दिवसांत ग्रहण झाले होते, म्हणून मी ग्रहणाला दोष दिला. एक पिल्लू गेले. दुसरे आईने वाढवले. ताकाच्या वाटीवर बोटाने टिचकी मारून तिने त्याला आवाजावर यायला शिकवले. आई गेली त्या दिवशी ते सारा दिवस वाटीपाशी बसून होते.

बनारस छावणी

बनारसला जाण्याचे कारण घाटे वकील. हे काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ. एका लग्नासाठी आमच्याकडे आले असता बिराप्पाच्या जावयाकडून एक कारवानी पिल्लू घेऊन गेले. त्याचे नाव समशेर. आमची चार वर्षे पत्रे चालली होती. समशेरचा बाप बाण्या, आजा वेगळा, पणजा वेगळा. पाखरीशी कुठेच नाते लागत नव्हते. पाखरीला पाच वर्षे पूर्ण झाली होती. एक चांगले वेत पदरात पडले तर पडले, नाहीतर हे बीज माझ्या हातून संपणार होते. त्यातच माघात छावणीत कुत्र्यांचे प्रदर्शन भरणार असल्याचे घाट्यांनी कळवले. "प्रदर्शन झाले की दोघांचे लगीन लावून टाकू," असे लिहिले होते. आईचे तीर्थश्राद्धही राहिले होते. मी रजा काढली.

आगगाडीत कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत बसवतात. तिथल्या हालांविषयी लिहीत नाही. एवढेच सांगतो की गाडी बदलायच्या प्रत्येक स्टेशनावर लोटाभर पाणी घेऊन मी गाडीच्या टोकापर्यंत पळत असे, आणि लोकांना वाटे की गार्डसाहेब माझे कोणी पूज्य नातेवाईक आहेत.

गंगेवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा धुके होते. धुक्यातून आधी मशिदीचे मिनार वर आले, मग घाटांच्या पायऱ्या. विद्यार्थी असताना मी दर वेळी इथे हात जोडी. याही वेळी जोडले, आणि डोळे भरून आले ते धुक्यामुळे असे शेजाऱ्याला सांगितले.

मंगला गौरी

गल्ल्यांतून पाखरीला नेणे सोपे नव्हते. एक सांड वाट अडवून उभा होता. तो तिच्याकडे पाहीना, ती त्याच्याकडे पाहण्याचे धाडस करीना. शेवटी एका कचोरीवाल्याने पानांचा द्रोण दाखवून सांडाला बाजूला घेतले.

दार काकूंनी उघडले. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"विष्णू! अरे, वाळलास किती! मास्तरकीत खायला मिळतं की नुसतं भाषणच?" मग माझ्या मागे पाहून म्हणाल्या, "आणि पाखरी कुठाय?"

"ही काय," मी म्हणालो.

काकूंनी खाली पाहिले. पाखरीने वर पाहिले.

"ही?" काकू म्हणाल्या. "तू चिट्ठीत लिहिलंस ना, पाखरीला घेऊन येतोय म्हणून! मला वाटलं, तुझी लेक. मी तिच्यासाठी परकर शिवून ठेवलाय, चूड्या आणल्यात. आता हिला नेसवू की काय?"

आतून गुरुजींचे हसणे ऐकू आले. इतके मोकळे हसताना मी त्यांना विद्यार्थिदशेत कधी ऐकले नव्हते.

काकूंचे सोवळे कडक. पण काशीत कुत्रा भैरवनाथाचे वाहन. त्याला दारातून हाकलता येत नाही. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. पाखरी बाहेरच्या ओट्यावर राहील, गोणपाट मिळेल, उंबरा ओलांडणार नाही. आणि मी तिला हात लावला की विहिरीवर अंघोळ करूनच आत येईन. माघातल्या त्या थंडीत पहिल्या दिवशी मी पाच अंघोळी केल्या. पाचव्या अंघोळीनंतर काकूंनीच पितळी वाटीत मलइयो आणून दिला. दुधाचा फेस दवात ठेवून करतात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, आणि केशराचा वास तेवढा उरतो. आमच्याकडे दूध आटवून घट्ट करतात, तिकडे हलके करतात. विद्यार्थी असताना परीक्षेच्या दिवशी हीच वाटी मला मिळत असे.

जेवणानंतर गुरुजींनी बही काढली. "चार वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिलीस. आता स्वतःचं लिही." माझ्या घराण्यातले कुणी काशीला आलेच नव्हते, म्हणून पान कोरे. विद्यार्थी असताना मी यात्रेकरू नव्हतो, त्यामुळे तेव्हाही लिहिले नव्हते. मी वळणदार अक्षरात माझे नाव लिहिले, वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे. मला फार धन्य वाटले. गुरुजींनी वाचले आणि बही मिटली.

पंचगंगा घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे श्राद्ध. पंचगंगेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत हे उतरताना कळत नाही, चढताना कळते. पाखरीला मी वरच्या दगडी दीपस्तंभाला बांधले आणि खाली गुरुजींसमोर बसलो. पाण्यावरून मल्लाहांच्या हाका येत होत्या. याच पायऱ्यांवर मी लॉजिक पाठ केले होते. गर्दी असली की उठून अमृतराव घाटाकडे जाई.

गुरुजी एकेक नाव विचारीत होते. वडील, आजोबा, पणजोबा. मी तत्काळ सांगितली.

"आई?"

"राधा."

"आजी?"

"येसू."

"पणजी?"

मी वर पाहिले, पाण्याकडे पाहिले. पणजोबांचे नाव मी आदल्या दिवशी वळणदार लिहिले होते.

"ठाऊक नाही, गुरुजी."

"नात्याने उच्चार कर," ते शांतपणे म्हणाले. "पाणी पोचतं. पण विचार कुणाला तरी. बी.ए. झालास ना?"

तेवढ्यात वर आरडाओरड झाली. एका वानराने पाखरीसमोर येऊन तोंड वेंगाडले होते, आणि दीपस्तंभाला बांधलेला माझा सुती दोर तिच्यापुढे टिकला नाही. ती सरळ पायऱ्यांवरून घाटावर गंध लावून दक्षिणा घेणाऱ्या एका घाटियाच्या मोठ्या छत्रीखालून निघाली. छत्री पडली, गंधाची तबकडी उडाली, वानर भिंतीवर जाऊन बसले. घाटिया कपाळावरचे गंध पुसत ओरडला, "अरे पंडितजी, ये कुतिया है कि डाकगाड़ी?" मी दर्भाच्या पवित्रकासह धावलो. तिला धरले, म्हणून पुन्हा गंगेत बुडी. गुरुजी तोंडाला उपरणे लावून बसले होते. मंत्र म्हणत होते की हसत होते, मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी छावणीत नाव नोंदवायला गेलो. मंडपात एक मुंशीजी अर्ज तपासत होते. मी माझी वहीच पुढे केली. त्यांनी चष्मा वर केला.

"बाप है, दादा है, परदादा है। वाह। और माँ?"

"माँ..." मी म्हणालो.

"ख़ानदानी कुतिया है, बिना माँ के पैदा हुई?"

मागे उभे असलेले दोघेतिघे हसले. छापील अर्जात प्रत्येक पिढीला दोन घरे होती. माझ्या वहीत एकच. आईचे नाव मला अर्थातच ठाऊक होते. बिराप्पाची हरणी, मी तिला पाहिलेही होते. ते लिहिले. आजीचे घर कोरे राहिले. मुंशीजींनी "चलिए" म्हणून शिक्का मारला. बाहेर पडताना माझे कान गरम झाले होते. एका दिवसात दुसऱ्यांदा मी आजी-पणजीपाशी अडलो होतो.

प्रदर्शन

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर इतक्या जातींची कुत्री होती की मी आधी नुसता पाहत राहिलो. साहेबांची झुपकेदार कुत्री, एका राजेसाहेबांचे रामपुरी, मडमेच्या हातमोज्यात मावेल एवढे एक कुत्रे. त्यांना कंगवे, मऊ फडकी, खास बशा. मी पाखरीला काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसले होते. काकूंनी तो ओट्यावरून लांबूनच फेकला होता.

घाटे वकील समशेरला घेऊन आले. गोरे, गोल चेहऱ्याचे, पानाने ओठ रंगलेले. "या, या, मास्तर! चार साल नुसत्या चिट्ठ्या-चिट्ठ्या. आज व्याही भेटले!" त्यांनी मला भर मैदानात मिठी मारली. समशेरला पाहून माझा आनंद पोटात मावेना. अशी छाती, असा पाठीचा बाक मी फक्त बिराप्पाच्या वडिलांच्या गोष्टींत ऐकला होता.

आमच्या वर्गाच्या परीक्षक एक वयस्क मडम होत्या. काठी टेकीत चालत, पण कुत्र्यापाशी आल्या की काठी गवतावर टाकून गुडघ्यांवर बसत. त्यांनी दात पाहिले, पंजे उचलले, आम्हाला मैदानाच्या कडेने पळवले. मी काळ्या टोपीत, धोतर खोचून पळत होतो आणि पाखरी माझी लाज राखत बेताने चालत होती. समशेरला पहिले बक्षीस, पाखरीला दुसरे. घाटे टाळ्या वाजवत होते.

मग मडम परत आल्या. त्यांनी एक हात समशेरच्या डोक्यावर ठेवला, दुसरा पाखरीच्या. अंगठ्याने दोघांचे उजवे कान उलटून पाहिले. दोघांच्याही कानाला मुळाशी एक आडवी घडी होती. शेपटीच्या टोकाला तोच बाक.

"सुंदर भावंडे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "यांची आई कोण?"

"भावंडे नव्हेत, मॅडम," मी अभिमानाने सांगितले. "दोघांचे बाप वेगळे आहेत. माझ्याकडे लिहिलेले आहे."

"मी बापाचे विचारले नाही," असे म्हणून त्यांनी काठी उचलली आणि पुढच्या कुत्र्याकडे गेल्या.

संध्याकाळी ओट्यावर पाखरीला भात घालत होतो. काकू उंबऱ्याच्या आत उभ्या राहून बक्षिसाची फीत पाहत होत्या. "मग? लगीन कधी?"

मी मडम काय म्हणाल्या ते सांगितले.

"हिचं माहेर कुठलं?" काकूंनी विचारले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय! हिची आई कोण, ती कुठली, तिला आणखी लेकरं किती? बायकांना विचारलं असतंस तर सांगितलं असतं कुणीतरी. मला बघ, अर्ध्या गल्लीची माहेरं पाठ आहेत. तुझ्या गुरुजींच्या बहीत एक सापडायचं नाही."

आतून गुरुजी म्हणाले, "बहीत नसेल, पण सोयरीक करताना आम्ही आईकडच्या पाच पिढ्या मोजतो. विष्णूने नक्कल केली ती बहीची. सोयरीक कुठे केली?"

मला गंगव्वा आठवली. काठी टेकून मध्येच थांबलेली. घरच्या घरात नगं.

घाट्यांचे घर

चौथ्या दिवशी सकाळी पाखरी माजावर आली. मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो ते हेच. पुढचे दोन-चार दिवस हाती होते, मग सहा महिने नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा काशी कोणती? तिला घेऊन घाट्यांच्या घरी गेलो. त्यांनी अंगण धुऊन घेतले होते, समशेरच्या गळ्यात झेंडूची माळ होती. घरच्यांनी आमच्यासाठी चूडा-मटर केला होता. मटारात परतलेले गरम पोहे.

मी विचारले, "समशेर आणलात तेव्हा काही कागद मिळाला होता का?"

"कागद? हो, एक चिट्ठी होती. तिकडच्या कुलकर्ण्याने लिहिलेली. मोडी आहे, मास्तर. आम्ही काशीवाले, आम्हाला मोडी कुठली येते? बाप, आजा, पणजा यांची नावं त्या धनगराने तोंडी सांगितली, तीच तुम्हाला लिहिली." त्यांनी पेटीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "वाचा. काय लिहिलंय?"

चार ओळी होत्या. समशेर हे बाण्याचे पिल्लू. आणि पुढे: बिराप्पाची हरणी, तिचे पहिले वेत. पाखरी हरणीच्याच तिसऱ्या वेतातली होती.

त्या अंगणात मोडी वाचणारा मी एकटाच होतो. घाटे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पहिली ओळ मोठ्याने वाचायची आणि कागद परत द्यायचा, एवढेच करायचे होते. त्यांना कधी कळले नसते. दोघेही नामी कुत्री, बक्षिसे मिळालेली. कदाचित सगळी पिल्ले धडही निघाली असती. मी मनाशी हे सगळे म्हटले, खोटे कशाला लिहू? पोह्यांची वाफ निवून गेली तरी मी कागदाकडेच पाहत होतो. मग कानात ती टिचकी ऐकू आली, आईच्या बोटाची, ताकाच्या वाटीवरची.

मी चारही ओळी वाचल्या.

घाट्यांना क्षणभर काही कळले नाही. मग ते हसले. "अरे मास्तर, तुमच्याकडे तर मामाची मुलगी चालते!"

"मामाची चालते," मी म्हणालो, "आईची नाही."

"अहो, पण ही कुत्री आहेत! गल्लीतली कुत्री कुठे कुंडली बघतात?"

"गल्लीतल्यांचं लगीन आपण लावत नाही, वकीलसाहेब. हे आपण लावतोय."

मग मी त्यांना राजाचे आणि त्या दुधाळ डोळ्यांचे सांगितले. ते मी कुणाला सांगितले नव्हते, आईलासुद्धा ग्रहणाचेच सांगितले होते. राजाही बहुधा हरणीचाच असावा, गंगव्वाला ते ठाऊक होते आणि मी तिला वही दाखवली होती, हेही सांगितले.

 घाटे उठले आणि त्यांनी समशेरच्या गळ्यातली माळ काढली. "दोन दोस्तांना पिल्लं कबूल करून बसलोय. त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. दोष माझ्यावर घाला."

"तो तर घालणारच," ते कडवटपणे म्हणाले. त्यांनी मला दारापर्यंत पोचवले नाही. पाखरी मात्र मान वळवून वळवून अंगणाकडे पाहत होती, आणि मी तिचा दोर घट्ट धरून गल्लीतून निघालो. आपण बरोबर केले असे तेव्हा अजिबात वाटत नव्हते. चार वर्षांची पत्रे, एवढी रजा, एवढा प्रवास; आणि हातात रिकामा दोर असल्यासारखे वाटत होते.

निरोप

पाचव्या दिवशी निघण्याआधी मी गुरुजींना म्हणालो, "बही पुन्हा काढाल का?"

त्यांनी काढली. जणू तयारच ठेवली होती. माझ्या पानावर वडिलांच्या नावाशेजारी मी "राधा" लिहिले, आजोबांच्या शेजारी "येसू". ज्या आईने दुसऱ्यांचे दळण दळून माझी मॅट्रिकची फी भरली होती, तिचे नाव मी पहिल्या दिवशी लिहिले नव्हते. पणजोबांच्या शेजारी लेखणी थांबली. गुरुजींनी तिथे बोट ठेवले.

"एवढी जागा सोड. नाव मिळालं की कळव, मी भरीन."

काकू उंबऱ्यात आल्या. त्यांनी तो शिवलेला परकर कागदात बांधून मला दिला. "लेक होईल तेव्हा," म्हणाल्या. मग इकडेतिकडे पाहिले, उंबरा ओलांडून ओट्यावर आल्या आणि पाखरीच्या कपाळावर सरळ हात ठेवला. "जा पोरी. नीट जा." आणि मला म्हणाल्या, "बघतोस काय? माझ्यासाठी विहिरीतून पाणी काढ."

मी दोन घागरी काढल्या. काकूंसाठी काढलेले तेच शेवटचे पाणी. पुन्हा काशीला जाणे झाले नाही. पुढच्या दोन वर्षांत आधी गुरुजी गेले, मग काकू.

गावी आल्यावर पहिले काम म्हणजे गंगव्वाकडे गेलो. नवी वही नेली, प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेली. ती वाड्यात मेंढरांना पाला टाकत होती. "गंगव्वा, सांग," म्हटले. ती म्हणाली, "आता इचारतोस व्हय?" आणि हरणी, हरणीची आई, तिची आई, कोण कुठल्या वाडीतून आली, कुणाला किती वेते झाली, असे पाला टाकता टाकता सांगत गेली. राजा हरणीचाच होता. माझा हात दुखू लागला, तिची आठवण संपेना.

तिच्याच सांगण्यावरून पुढच्या हंगामात कृष्णेपलीकडच्या एका वाडीतला कुत्रा पाहिला. त्याच्या आईकडच्या पाच पिढ्या तिथल्या म्हातारीकडून लिहून घेतल्या. एकही नाव आमच्या रकान्यात येत नव्हते. पणजीचे नाव मिळायला मात्र कुत्र्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अखेर वडिलांची एक आतेबहीण माझ्या आजोळच्या गावी सापडली. ऐकू येत नसल्याने तिला पाटीवर लिहून विचारावे लागले. तिने खडू मागून घेतला आणि उत्तर पाटीवर लिहिले. आमच्या घराण्यात एक बाई लिहीत होती, हेही मला त्या दिवशी कळले.

पाखरी व्याली तेव्हा मी चौदा दिवस थांबलो आणि मग दोन कार्डे टाकली. एक घाटे वकिलांना: एक पिल्लू तुमच्यासाठी राखले आहे, आईबापांची नावे पाच पिढ्यांपर्यंत सोबत पाठवीन, बाळबोधीत. त्यांचे उत्तर यायला चार महिने लागले, पण आले, आणि पिल्लूही गेले.

दुसरे कार्ड गुरुजींना. त्यात दोनच ओळी होत्या.

"पणजीचे नाव कृष्णा. सोडलेली जागा भरावी.
काकूंना सांगावे, पाच पिल्ले झाली. दहाही डोळे उघडले, दिव्याकडे पाहतात."